नर-मादीच्या आधीची लैंगिकता

‘उत्क्रांती खरी मानली, तर पहिला नर तयार झाला तेव्हा नेमकी त्याच काळात, त्याच जागी, त्याला जुळणारी मादी कुठून आली?’ सजीव देवाने आहेत तसेच घडवले असं मानणाऱ्या निर्मितीवाद्यांचा हा प्रश्न मूळचा अमेरिकेतल्या पुस्तिकांमधला. आता तो मराठीत रुळला आहे आणि व्हॉट्सॲपवरून गुहागरपासून वेंगुर्ल्यापर्यंत फिरतो. उत्तर देणारे बहुतेकदा ‘कोट्यवधी वर्षं हाताशी होती’ एवढं सांगून मोकळे होतात. ते उत्तर पुरत नाही. कोट्यवधी वर्षं नर एकटाच घडत राहिला असता तरी त्याचा उपयोग शून्य. प्रश्न विचारणाऱ्याचं तर्कशास्त्र ठीक आहे, क्रम चुकलेला आहे. आधी नर आणि मादी, मग त्यांचं मीलन, असं त्याने धरून ठेवलंय. जीवसृष्टीत पेशींचं मीलन आधी आलं. नर आणि मादी हे त्यावर पुढे पडलेले फरक.

हा क्रम खडकावर बघता येतो. पाऊस सरला की रत्नागिरी, कुणकेश्वर, मालवण भागातल्या कातळांवर भरती-ओहोटीच्या पट्ट्यात पातळ हिरव्या पात्यांचं शेवाळ वाढतं. त्याचं नाव उल्वा. पात्याची जाडी जेमतेम दोन पेशींची. उधाणाच्या आगेमागे काही पात्यांची कड पिवळट-शेवाळी दिसू लागते, तीच पिकलेली कड. अशी वेगवेगळ्या झाडांची सहा-आठ पाती घ्यावीत, प्रत्येक पातं ओलसर फडक्यात गुंडाळून वेगळ्या पिशवीत ठेवावं आणि रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात. सकाळी प्रत्येक पातं गाळलेल्या समुद्राच्या पाण्याच्या वेगळ्या कपात घालून खिडकीच्या उजेडात ठेवायचं. जमलं तर तासाभरात कपाच्या उजेडाकडच्या बाजूला पाण्यावर हिरवट झाक येते. त्यातला थेंब काचपट्टीवर घेऊन ४०० पट मोठा करून पाहिला, की शेपटीवाल्या पेशी वळवळताना दिसतात. चार शेपट्यांच्या पेशी बीजाणू असतात, तो कप बाजूला ठेवा. दोन शेपट्यांची असतात ती युग्मकं, म्हणजे जोडीने एक होणाऱ्या पेशी. दोन वेगळ्या कपांतल्या युग्मकांचे थेंब एकत्र केले आणि जोडी विरुद्ध गटातली निघाली, तर काही मिनिटांत त्यांचे पुंजके होतात, मग दोन-दोन पेशी शेपट्यांनी चिकटतात आणि एक होतात. झालेल्या पेशीला चार शेपट्या असतात आणि ती उजेडाकडे जायचं सोडून तळाकडे वळते.

फसतं ते ठरावीक ठिकाणी. नळाचं पाणी वापरलं तर पेशी फुटतात. पातं पिकलेलं नसेल तर कप दिवसभर ठेवूनही काही निघत नाही. आणि एकाच झाडाचे दोन तुकडे घेतले तर पेशी भरपूर पोहतात पण जुळत नाहीत, कारण एका झाडाची सगळी युग्मकं एकाच गटाची. मालवणच्या सागरी अभयारण्याच्या हद्दीत, म्हणजे १९८७ साली राखीव केलेल्या भागात, शेवाळ तोडू नये हेही सांगून ठेवतो.

आता त्या जुळणाऱ्या दोन पेशींतला नर कोणता, ते सांगा. आकारात फरक असलाच तर उन्नीस-बीस. ज्या झाडांपासून त्या आल्या ती झाडंही नुसत्या डोळ्यांना ओळखता येत नाहीत. जोडीदार न मिळालेलं युग्मकही वाया जातंच असं नाही. ते खडकावर बसतं आणि स्वतःच नवं पातं होऊन वाढू शकतं. म्हणजे पहिल्या खेपेला जोडीदार भेटला नसता तर सगळं संपलं असतं, ही प्रश्नामागची भीती इथे लागूच होत नाही. उल्वा काही आपला पूर्वज नाही. पण मीलन आहे आणि नर-मादी जवळपास नाहीत, अशी अवस्था नीट जगते, टिकते, एवढं ते दाखवतं.

त्याहून साधं उदाहरण गोड्या पाण्यातलं आणि ओल्या मातीतलं क्लॅमिडोमोनास, एका पेशीचं हिरवं शैवाल. नायट्रोजन भरपूर असेल तोवर हे नुसतं दुभंगत राहतं. नायट्रोजन संपला की पेशी युग्मकाचं रूप घेते. गट दोन, त्यांना अधिक आणि वजा म्हणतात. आकार सारखाच. दोघं जुळून जाड कवचाचा युग्मनज होतो, तो सुकवण सोसतो आणि पाणी-उजेड परत आला की त्यातून अर्धगुणसूत्री विभाजनाने, म्हणजे दोन फेऱ्यांत गुणसूत्रांची संख्या निम्मी करणाऱ्या विभाजनाने, चार पेशी बाहेर पडतात. वाईट दिवसांत जुळायचं, चांगल्या दिवसांत एकट्याने वाढायचं. लैंगिक प्रजनन सुरुवातीला प्रजनन नव्हतंच म्हटलं तरी चालेल, कारण दोन पेशींची एक झाल्यावर संख्या घटते. संख्या वाढवायचं काम साधं विभाजन आधीपासून करतच होतं.

निर्मितीवाद्यांचा दुसरा, जास्त सकस मुद्दा इथे येतो. नर-मादी बाजूला ठेवले तरी अर्धगुणसूत्री विभाजन इतकं गुंतागुंतीचं आहे, की त्याचा एक भाग काढला तर सगळं कोसळतं, मग ते टप्प्याटप्प्याने कसं आलं? हा मुद्दा थट्टेवारी नेण्यासारखा नाही. एकेक सुटा भाग हातात घेऊन बघितला तरच त्याला उत्तर मिळतं.

पहिलं काम दोन पेशींची पटलं एकमेकांत विरघळवणं. हे काम हॅप-२ नावाचं प्रथिन करतं. ते क्लॅमिडोमोनासमध्ये आहे, मलेरियाच्या परजीवीत आहे, फुलझाडांच्या परागातल्या नरपेशीत आहे. २०१७ साली त्याची त्रिमितीय रचना उलगडली तेव्हा ती डेंगी आणि झिकाच्या विषाणूंच्या एका प्रथिनाशी जुळली. विषाणू ज्या हत्याराने आपल्या पेशीत शिरतो, त्याच घराण्यातलं हत्यार युग्मकं जुळायला वापरतात. विषाणूंनी ते पेशींकडून घेतलं की पेशींनी विषाणूंकडून, यावर वाद आहे. दोन्ही बाजूंनी एक मात्र ठरतं, की मीलनासाठी ते कोऱ्या कागदावर आखलेलं नाही.

दुसरं काम जोडीच्या गुणसूत्रांना एकमेकांशेजारी आणून डीएनएची देवाणघेवाण करणं, म्हणजे पारगती. त्यासाठी आधी डीएनए मुद्दाम तोडावा लागतो. तोडणारं प्रथिन स्पो-११. त्याचा जवळचा नातलग आर्किया या एकपेशीय जीवांमध्ये सापडतो आणि तिथे तो डीएनएचा पीळ सोडवायचं काम करतो. तुटलेला डीएनए शेजारच्या सारख्या प्रतीवरून सांधणारी प्रथिनं रॅड-५१ आणि डीएमसी-१. त्यांचं घराणं जिवाणूंमध्ये रेक-ए या नावाने रोजची दुरुस्ती करतं. लैंगिकता येण्याच्या कितीतरी आधीपासून तुटलेला डीएनए जोडणं ही प्रत्येक पेशीची गरज होतीच.

तिसरं काम, प्रत बनवल्यावर भावंड-सूत्रं (एकाच गुणसूत्राच्या दोन प्रती) पहिल्या फेरीत एकत्र धरून ठेवायची आणि दुसऱ्या फेरीतच सोडायची. साध्या विभाजनात ती पहिल्याच फेरीत सुटतात. फरक पडतो तो सूत्रं बांधून ठेवणाऱ्या कड्यातला एक भाग बदलल्याने. तिथे नेहमीच्या प्रथिनाच्या जागी त्याचाच जुळा, रेक-८, बसतो. चौथं काम दोन फेऱ्यांच्या मध्ये डीएनएची नवी प्रत न काढणं, म्हणजे नेहमीची एक पायरी गाळणं.

यातलं अंतर किती हे भाताने दाखवलं. संकरित भाताचं बियाणं शेतकऱ्याला दरसाल विकत घ्यावं लागतं, कारण घरचं बी पेरलं तर पुढच्या पिढीत गुण फुटतात. ते फुटू नयेत म्हणून संशोधकांनी भाताची तीन जनुकं बंद पाडली. एक बंद केल्यावर डीएनए तुटणं आणि गुणसूत्रांची जोडी जमणं थांबलं. दुसरं बंद केल्यावर रेक-८ गेलं आणि भावंड-सूत्रं पहिल्याच फेरीत सुटली. तिसरं बंद केल्यावर दुसरी फेरीच झाली नाही. तिन्ही एकत्र केल्यावर अर्धगुणसूत्री विभाजनाचं साधं विभाजन झालं आणि युग्मकांत १२ ऐवजी आईची जशीच्या तशी २४ गुणसूत्रं आली. २०१९ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या वेंकटेशन सुंदरेशन यांच्या गटाने त्यात आणखी एक जनुक अंडपेशीत चालू करून फलनाशिवाय गर्भ धरवला. बी आईची हुबेहूब प्रत निघालं.

या प्रयोगाचा अर्थ फुगवून सांगू नये. तीन जनुकं बंद करून परत साध्या विभाजनाकडे येता आलं, याचा अर्थ तीनच बदलांत उलट दिशेने जाता आलं असतं असा होत नाही. पाडणं सोपं, उभारणं कठीण. पण दोन्ही विभाजनांच्या मध्ये ओलांडता न येणारी दरी आहे, हा दावा मात्र उरत नाही. बहुतेक यंत्रणा दोघांची सामाईक आहे.

मधली, अर्धीकच्ची अवस्था जगू शकते का? कॅन्डिडा अल्बिकन्स ही बुरशी, तोंडात पांढरे चट्टे आणणारी तीच, याचं जिवंत उदाहरण आहे. तिच्या दोन द्विगुणित (गुणसूत्रांचे दोन संच असलेल्या) पेशी जुळतात आणि चौपट गुणसूत्रांची पेशी होते. पुढे ती अर्धगुणसूत्री विभाजन करत नाही. विभाजन होता होता गुणसूत्रं गळत जातात आणि पेशी साधारण मूळ संख्येवर येते. प्रकार ढिसाळ आहे, पुष्कळ पेशींत संख्या चुकते. तरी त्यातून नवे मेळ निघतात आणि बुरशी टिकते. ती आदिम आहे असं मी म्हणत नाही, तिच्या पूर्वजांकडे पूर्ण यंत्रणा असावी. पण काटेकोरपणा नसेल तर मीलन निरुपयोगी, या समजुतीला ती छेद देते.

‘उत्क्रांतिवादी स्वतःच कबूल करतात’ म्हणून वापरला जाणारा एक मुद्दा या वादातला सगळ्यात रसाळ. ब्रिटिश उत्क्रांतिशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड स्मिथ यांनी १९७० च्या दशकात लैंगिकतेची दुप्पट किंमत मांडली. हिशेब साधा आहे. प्रत्येक मादीची दोन पिल्लं जगतात असं धरा. लैंगिक प्रजनन करणाऱ्या मादीला सरासरी एक मुलगी, एक मुलगा. तिच्या वंशातल्या माद्यांची संख्या तेवढीच राहते. नराशिवाय पिल्लं देणाऱ्या मादीला दोन्ही मुलीच. दहा पिढ्यांत एकीच्या १,०२४. मग नर टिकले कसे?

हा हिशेब लैंगिकतेच्या उगमाविरुद्ध वापरणारे त्याची अट विसरतात. किंमत दुप्पट होते ती नर पिल्लाच्या पोषणाला काहीच हातभार लावत नसेल तेव्हा. उल्वा किंवा क्लॅमिडोमोनासमध्ये दोन्ही युग्मकं जवळपास सारखी शिदोरी आणतात. तिथे ही दुप्पट किंमत भरावीच लागत नाही. म्हणजे लैंगिकता सुरू झाली तेव्हा ती स्वस्त होती, आणि नर आल्यावर महाग झाली. उगमाचा प्रश्न वेगळा, टिकण्याचा वेगळा. डार्विनने १८६२ साली प्रिम्युला फुलांवरच्या लेखात लैंगिकतेचं प्रयोजन आपल्याला मुळीच माहीत नाही, हा सगळा विषय अंधारात आहे, असं लिहिलं. ते वाक्य हल्ली उगमाच्या वादात फेकलं जातं. त्याचा प्रश्न होता की नवा जीव दोघांच्या संयोगाने का, एकट्याने का नाही. टिकण्याचाच प्रश्न.

आणि या प्रश्नावर उत्क्रांतीवाल्यांचं नेहमीचं उत्तर, ‘विविधता येते, म्हणून प्रजाती टिकते’, मला अर्धवट वाटतं. विविधता दरवेळी फायद्याची असती तर कोकणात कुणी हापूसचं कलम बांधलं नसतं. हापूसची कोय पेरली तर झाड येतं, आंबाही येतो, पण तो हापूस नसतो. कोयीत दोन झाडांची सरमिसळ असते आणि जमून आलेला मेळ त्यात मोडतो. म्हणून रायवळ कोयीच्या कोवळ्या, अजून तांबूस पानं असलेल्या पंधरवड्याच्या रोपावर हापूसची तीन-चार महिन्यांची काडी पाचरीसारखी तासून बसवायची, प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायची. पाचरीचे काप ओबडधोबड झाले किंवा पट्टी सैल राहून आत पाणी गेलं, तर काडी काळी पडून कलम जातं. एवढा सगळा खटाटोप लैंगिकता टाळण्यासाठी. आंब्याच्याच इतर काही जाती, विशेषतः दक्षिण किनारपट्टीवरच्या, एका कोयीतून अनेक रोपं देतात आणि त्यातली बरीचशी आईची प्रत असतात. एकाच प्रजातीत दोन्ही वाटा चालू आहेत.

फायदा दिसतो तो लांब पल्ल्यावर, आणि नेमका कशाचा ते बघावं लागतं. आनुवंशशास्त्रज्ञ हर्मन मुलर यांनी १९६४ साली दाखवलं, की लैंगिकतेविना चालणाऱ्या वंशात वाईट उत्परिवर्तनं (डीएनएत आपोआप पडणारे बदल) साठत जातात. समजा सगळ्यात कमी दोष असलेली मोजकी झाडं एखाद्या वादळात गेली. उरलेल्यांपैकी कुणीही त्यांच्याइतकी स्वच्छ प्रत पुन्हा देऊ शकत नाही, कारण एका झाडातला चांगला भाग दुसऱ्यातल्या चांगल्या भागाशी जुळवायची सोयच नाही. दोष फक्त वाढतात, कमी होत नाहीत. लोकसंख्या लहान असेल तर हे वेगाने होतं. आपल्याच शरीरात त्याचा पुरावा आहे. वाय गुणसूत्राचा बहुतेक भाग जोडीदाराशी देवाणघेवाण करत नाही. एक्सवर प्रथिनं घडवणारी ८०० हून जास्त जनुकं आहेत, वायवर जेमतेम शंभराच्या आसपास उरली आहेत, आणि ही दोन्ही मुळात एकाच जोडीतली. २०१६ साली यीस्टवर सुमारे हजार पिढ्यांचा प्रयोग झाला. मीलन करणाऱ्या यीस्टमध्ये फायद्याचं उत्परिवर्तन शेजारच्या तोट्याच्या उत्परिवर्तनापासून सुटं झालं. मीलन न करणाऱ्यात दोन्ही एकत्रच पुढे गेली. मला हाच पुरावा सर्वांत वजनदार वाटतो. त्यात ‘प्रजातीचं भलं’ वगैरे काही आणावं लागत नाही.

दुसरं कारण रोग. एकाच प्रतीच्या झाडांवर एक बुरशी शिकली की सगळ्यांवर चालते. ग्रो मिशेल जातीचं केळं १९५० च्या दशकापर्यंत जगाच्या व्यापारात होतं. पनामा मर रोगाने त्याच्या बागाच्या बागा गेल्या. जागा घेतली कॅव्हेंडिशने, आणि आता तिच्यामागे त्याच बुरशीचा नवा प्रकार लागला आहे. केळ्याला बी नाही, त्यामुळे शेतात आपोआप नवा मेळ निघत नाही. हापूस अजून तगून आहे, कारण भुरी आणि करप्याशी झाडाच्या वतीने बागायतदार फवारणीचा पंप घेऊन लढतो.

दोन्ही पद्धती एकाच प्राण्यात बघायच्या असतील तर कोकणातल्या सड्यांवरची पावसाळी डबकी बघावीत. कातळाच्या खळग्यांत पाणी साचतं आणि आठवड्या-दोन आठवड्यांत पाणपिसवा दिसू लागतात. पाणी भरपूर, खाद्य भरपूर असेल तोवर त्या सगळ्या माद्या असतात आणि नराविना माद्याच जन्माला घालतात. गर्दी झाली, खाद्य आटलं, पाणी ओसरायला लागलं की त्याच माद्या नर देतात. मग मीलनातून जी अंडी होतात ती जाड, गडद कवचात बंद असतात. भिंगाखाली मादीच्या पाठीवर खोगिरासारखं दिसतं ते हेच. ही अंडी कातळावरचा उन्हाळा कोरडी काढतात आणि पुढच्या पावसात फुटतात. एका डबक्यातलं पाणी ऑगस्टमध्ये आणि पुन्हा पाऊस जाताजाता गाळून पाहिलं तर फरक कळतो. जाळी बारीक हवी, साडीच्या तलम कापडाचीही चालते. गढूळ तळ ढवळला तर चिखलातून प्राणी वेचणं जमत नाही, म्हणून वरचं पाणीच घ्यावं.

कायमची एकलिंगी वाटही आहे. परसात कुंडी उचलली की खाली सापडणारा, लोक गांडूळ समजतात तो वाळा साप. त्यात नर नाहीत. सगळ्या माद्या, तीन संच गुणसूत्रांच्या, आणि त्या फलनाविना अंडी देतात. अख्ख्या सर्पकुळात कायम असं वागणारी माहीत असलेली ही एकच जात. कुंडीच्या मातीतून एक मादी परदेशी गेली तरी वसाहत होते, म्हणूनच तो जगभर पसरला. अशा जाती प्राण्यांत अधूनमधून निघतात, बहुतेक तरुण असतात, जुन्या वंशवृक्षाच्या टोकाच्या डहाळ्यांवर. फार काळ टिकत नाहीत, असा याचा सरळ अर्थ.

मग नर-मादी आले कसे? १९७२ साली पार्कर, बेकर आणि स्मिथ यांनी मांडलेलं गणित आजही पाया मानलं जातं. युग्मकं बनवायला ठरावीक सामग्री आहे. बारीक केली तर पुष्कळ होतात आणि जोडीदार गाठायची शक्यता वाढते. मोठी केली तर थोडी होतात, पण युग्मनजाला शिदोरी जास्त मिळते. शरीर मोठं होत गेलं तशी युग्मनजाला शिदोरीची गरज वाढते. अशा वेळी मधल्या आकाराची युग्मकं दोन्हीकडून मार खातात आणि दोन टोकं उरतात. बारीक, चपळ ते शुक्राणू, मोठं, स्थिर ते अंडं. ही चढण क्लॅमिडोमोनासच्या नातलगांत आजही पायरीपायरीने उभी आहे. गोनियमच्या ८ ते १६ पेशींच्या वसाहतीत युग्मकं सारखीच, ३२ च्या आसपास पेशी असलेल्या युडोरिनात लहान-मोठी, आणि शेकडो-हजारो पेशींच्या व्हॉल्व्हॉक्समध्ये स्पष्ट अंडं आणि शुक्राणू. क्लॅमिडोमोनासमध्ये वजा गट ठरवणारं मिड नावाचं जनुक आहे. तेच जनुक व्हॉल्व्हॉक्सच्या नरात असतं. २०१४ साली ते व्हॉल्व्हॉक्सच्या मादीत चालू केलं तेव्हा अंड्यांच्या जागी शुक्राणूंचे गठ्ठे झाले, आणि नरात ते दाबलं तेव्हा अंडी झाली. जुन्या अधिक-वजावर नंतर नर-मादी चढले, याहून थेट पुरावा मिळणं कठीण.

‘दोघांचे अवयव जुळायला हवेत’ या आक्षेपात आता फार दम राहत नाही. तिसऱ्या आणि खडकावरची कालवं आपली अंडी-शुक्राणू पाण्यात सोडतात, नर-मादीची गाठही पडत नाही. अवयव ही जमिनीवरची आणि उशिराची गरज. शिवाय नर किंवा मादी असणं कायमचं, ठाम असतं हीसुद्धा माणसाकडे बघून केलेली समजूत. रायगडच्या खाड्यांतला जिताडा आधी नर म्हणून वयात येतो आणि काही वर्षांनी, अंगाने थोराड झाल्यावर, मादी होतो. मोठेमोठे जिताडे तेवढे उचलले तर माद्या जातात. वेळास-आंजर्ल्याच्या किनाऱ्यावरच्या ऑलिव्ह रिडले कासवांची लिंगं गुणसूत्रांवर ठरत नाहीत. उबवणीच्या मधल्या तिसऱ्या हिश्श्यात वाळू किती तापली त्यावर ठरतात, तापली तर माद्या जास्त. आंब्याच्या एका मोहरात नर फुलं आणि उभयलिंगी फुलं शेजारी शेजारी. कोकमात मात्र नर झाड वेगळं, मादी वेगळं. बियांपासून केलेल्या रोपांत साधारण निम्मे नर निघतात आणि ते कळायला पहिला फुलोरा येईपर्यंत थांबावं लागतं, सहा-सात वर्षं सहज जातात. म्हणून मादी झाडाची काडी घेऊन कलमं लावतात. काडी सरळ वर जाणाऱ्या फांदीची हवी, आडव्या फांदीची घेतली तर झाड आयुष्यभर आडवंच पसरतं. बागेतले सगळे नर तोडून टाकायचा मोह मात्र टाळावा, परागाला काही ठेवावे लागतात. जायफळाचीही तीच गत. एकाच सृष्टीत लिंग ठरवायच्या इतक्या तऱ्हा, त्याही जवळच्या नातलगांत वेगवेगळ्या, हे एका वेळच्या आखणीपेक्षा वरचेवर झालेल्या फेरफारांशी जास्त जुळतं.

काळाचं सांगायचं तर लैंगिकतेचा आजवरचा सगळ्यात जुना जीवाश्म बँगिओमॉर्फा, कॅनडाच्या आर्क्टिक भागातल्या सॉमरसेट बेटावरचं लाल शैवाल. निकोलस बटरफिल्ड यांनी २००० साली त्याचं वर्णन केलं तेव्हा वय १२० कोटी वर्षं धरलं होतं, २०१८ सालच्या मोजणीत ते सुमारे १०५ कोटींवर आलं. खुद्द अर्धगुणसूत्री विभाजन त्याहून जुनं असणार, कारण त्याची जनुकं दृश्यकेंद्रकी, म्हणजे पेशीत केंद्रक असलेल्या, जीवांच्या सगळ्या मोठ्या फांद्यांवर सापडतात. ज्याला कित्येक वर्षं अलैंगिक समजत होते त्या जिआर्डिया या आतड्यातल्या परजीवीतही २००५ साली ती सापडली. आपल्या कोकणातला बहुतेक काळा कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांचा, त्यामुळे असले जीवाश्म तिथे शोधायला जाऊ नये.

दशावतारात मत्स्य, कूर्म, वराह या क्रमाने उत्क्रांती आधीच सांगितली आहे, किंवा बृहदारण्यक उपनिषदात एकाचे दोन होऊन पती-पत्नी झाले म्हणजे हाच सिद्धांत आहे, असंही कुणी म्हणतं. त्या कथा आपल्या जागी सुंदर आहेत. त्यांत युग्मकाचा आकार नाही, गुणसूत्रांची संख्या निम्मी कशी होते ते नाही. राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा पहिलाच पाठ आहे आणि प्रजनन तिसऱ्या पाठात येतं. दोन्ही एकत्र बांधणारं पान नाही, म्हणून मुलांना नर-मादीचा प्रश्न अडवतो.

खरोखर न सुटलेलं काय, तर पेशी जुळणं आधी आलं की गुणसूत्रांची संख्या निम्मी करणं आधी आलं. काहींच्या मते पेशीत चुकून दुप्पट झालेली गुणसूत्रं कमी करायची सोय आधी झाली आणि मीलन नंतर तिच्यावर बसलं. २०२२ साली हॅप-२ च्या घराण्यातलं प्रथिन काही आर्कियांच्या जनुकसंचात सापडलं, त्यामुळे जुळणं आधीचं मानणाऱ्यांचं पारडं जरा जड झालं. निकाल लावायचा तर दृश्यकेंद्रकींच्या सगळ्यात जवळचे आर्किया जिवंत बघायला हवेत. असा एक जीव जपानी संशोधकांनी खोल समुद्राच्या चिखलातून वाढवला आणि २०२० साली त्याचा अहवाल दिला. त्याला प्रयोगशाळेत आणायला बारा वर्षं लागली. एकदा दुप्पट व्हायला त्याला १४ ते २५ दिवस लागतात. यीस्टच्या हजार पिढ्या काही महिन्यांत होतात. त्याच्या हजार पिढ्यांना चाळीस वर्षांच्या आसपास किंवा जास्तच लागतील.